बांधकामातलं खाणं

एका सरकारी बांधकाम खात्यात मी ३२ वर्षं काढली. खात्याचं नाव सांगत नाही. पेन्शन चालू आहे. या ३२ वर्षांत बांधकामात खाणारी माणसं भरपूर पाहिली. कुणी सिमेंट खायचं, कुणी सळई खायचं, आणि एका गृहस्थांनी तर घाटरस्त्यावरची अख्खी मोरी खाल्ली होती, तीही बांधायच्या आधी. पण घर रीतसर बांधून, चारचौघांना दाखवून, मग टाळ्यांच्या गजरात त्याचं छप्पर मोडून तोंडात टाकणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली ती ह्यूस्टनला, वयाच्या पासष्टाव्या वर्षी.

लेक-जावई तिथे असतात. आम्ही दोघं दर दोन वर्षांनी हिवाळ्यात जातो. हिवाळा आपलं म्हणायचं. मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा गावात अशी भरलेली असते की डिसेंबरातही दुपारी चिपळूणच्या एसटी स्टँडवर बसल्यासारखं वाटतं. शेजारी हाफ चड्डीत हिरवळ कापत असतो आणि त्याच हिरवळीवर कापसाच्या बर्फात सांताक्लॉज घामाघूम उभा असतो.

नात दुसरीत आहे. एके दिवशी तिने शाळेची चिठ्ठी आणली. नाताळच्या सुट्टीआधी 'जिंजरब्रेड हाउस'ची स्पर्धा. नियम दोनच. एक, खालची फळी सोडून घरातली प्रत्येक वस्तू खाता आली पाहिजे. दोन, घर प्रदर्शनाचे तीन दिवस उभं राहिलं पाहिजे. मी चष्मा पुसून दुसरा नियम पुन्हा वाचला. 'उभं राहिलं पाहिजे' अशी लेखी अट मी ३२ वर्षांत एकाही टेंडरात पाहिली नव्हती. आमच्याकडे ते गृहीत धरायचे, आणि गृहीत धरलेली गोष्ट मोजमाप पुस्तिकेत येत नाही.

"आबा, तू इंजिनिअर आहेस ना?" नातीने विचारलं.

"होतो," मी म्हणालो. पण पाठीचा कणा आपोआप ताठ झाला होता.

"बाबा, बिस्किटाचं घर आहे, धरण नाही," लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. बारा दिवस हातात होते. आमच्या खात्यात बारा दिवसांत फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नसे.

आधी हा पदार्थ काय ते सांगतो. नावात ब्रेड असला तरी त्याचा पावाशी संबंध नाही. मैदा, लोणी, तपकिरी साखर आणि आपल्या काकवीची काळी, कडवट मोठी बहीण म्हणावी अशी मोलॅसिस. त्यात सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ. पहिल्यांदा वास आला तेव्हा घरात कुणाला सर्दी झालीय, असं आमच्या हिला वाटलं. चव साधारण आलेपाकाची वडी आणि खारी नसलेली बिस्किटं यांच्या मधली.

बांधकामाआधी जागेचा इतिहास पाहायची मला सवय, म्हणून नातीबरोबर वाचनालयात गेलो. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात असे मसालेदार केक भाजणाऱ्यांचा स्वतंत्र संघ १६४३ सालीच स्थापन झाला होता. म्हणजे इकडे तोरणा, राजगडाच्या गोष्टी सुरू व्हायच्या सुमारास तिकडे बिस्किटवाल्यांची युनियन झालेली होती. पण बिस्किटांची घरं करायच्या वेडाला खरा जोर आला तो ग्रिम बंधूंच्या गोष्टीमुळे. त्यांनी १८१२ साली छापलेल्या लोककथांत हान्सेल आणि ग्रेटेल ही दोन भावंडं जंगलात हरवतात आणि त्यांना एका चेटकिणीचं घर सापडतं. भिंती पावाच्या, छप्पर केकचं, खिडक्या साखरेच्या. मुलं तडक छप्पर आणि तावदानं खायला लागतात. नातीला ही गोष्ट भीतिदायक वाटली. मला वेगळ्याच शंका आल्या. वनजमिनीवर विनापरवाना बांधकाम, वापर बदल करून निवासी जागेत खाद्यपदार्थांचं आमिष, अग्निशमनाची सोय नाही आणि घरात चालू भट्टी. शेवटी तीच चेटकीण त्याच भट्टीत जाते. नियमावलीत असतं तर टळलं असतं.

जर्मन मंडळींबरोबर हे वेड अमेरिकेत आलं. व्हाइट हाउसमध्ये १९६९पासून नाताळात जिंजरब्रेडचं घर मांडतात. आणि कळस म्हणजे, ह्यूस्टनपासून गाडीने दोनेक तासांवर ब्रायन नावाचं गाव आहे. तिथल्या एका गोल्फ क्लबाने रुग्णालयाला निधी मिळावा म्हणून २०१३ साली ३९,२०० घनफुटांचं जिंजरब्रेड घर उभारून गिनीज बुकात नाव लावलं. ७,२०० अंडी, १,८०० पौंड लोणी. ही सामग्री वाचून नात थक्क झाली. मी थक्क झालो ते पुढच्या ओळीने: या घरासाठी त्यांनी स्थानिक प्रशासनाकडून बांधकाम परवाना काढला होता. डोळे भरून आले. बिस्किटाला परवाना! माझ्या भागात तीन मजली लॉज परवान्याशिवाय उभी होती आणि तिच्या उद्घाटनाला मीच श्रीफळ फोडलं होतं.

पहिली सामग्री मी वाचनालयातल्या पाककृतीवरून काढली. ओट्यावर मैद्याची पाळ करून मधे लोणी ओतणार, एवढ्यात ही आली.

"अहो, मोहन किती घालताय?"

"मोहन?"

"लोणी हो. एवढं मोहन घातलंत तर भिंत खुसखुशीत होईल. तुम्हाला खुसखुशीत भिंत हवीय का?"

असा प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला नव्हता. तशा भिंती मात्र पाहिल्या होत्या.

"आणि हा सोडा कशाला? भिंत काय फुगवायचीय?"

मी तिला शांतपणे सांगितलं की पुस्तकात लिहिलंय. ती म्हणाली, "पुस्तकात खायचं बिस्किट लिहिलंय. तुम्हाला राहायचं हवंय." आणि निघून गेली. तज्ज्ञ सल्लागाराचा अभिप्राय फाइलला लावून त्याकडे दुर्लक्ष करायची आमची जुनी पद्धत. मी तेच केलं. ओव्हनमधून भिंती बाहेर आल्या तेव्हा त्यांना निवृत्त माणसासारखी पोटं सुटली होती. खिडक्या फुगून निम्म्या झाल्या होत्या आणि दार पूर्ण बुजलं होतं. ज्या घरात शिरायला दार नाही त्याला घर म्हणायचं की स्मारक, यावर आम्ही थोडा वेळ विचार केला आणि ते डब्यात भरलं.

दुसऱ्या दिवशी पीठ हिने मळलं. लोणी कमी, सोडा अजिबात नाही, मैदा चढता, शंकरपाळ्यांपेक्षा घट्ट. ते तिने थेट बेकिंगच्या कागदावरच लाटलं, "उचलायला गेलात की आकार बिघडतो" म्हणून. जाडी ६ मिलिमीटर, सगळीकडे सारखी. पट्टी लावून मी तपासली. पुठ्ठ्याचे साचे ठेवून नातीने भिंती कापल्या. ओव्हनमधून बाहेर येताच, गरम आहेत तोवर, हिने साचा पुन्हा ठेवून कडा छाटल्या. मी गुण्या लावून पाहिला. काटकोन! चाळीस वर्षं ही बाई माझ्यासाठी शंकरपाळे कापत होती आणि ते सगळे गुण्यात होते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सिमेंटचं काम रॉयल आयसिंगकडे. ४५० ग्रॅम पिठीसाखरेला ३ अंड्यांचं पांढरं, भरपूर फेटायचं. फार पातळ झालं तर भिंतीवरून ओघळतं, फार घट्ट झालं तर धरत नाही. काँक्रीटची स्लम्प टेस्ट असते, तशी मी चमचाभर आयसिंग बशीत उपडं करून पट्टीने उंची मोजली. नातीने बशी चाटून नमुना नष्ट केला. अंड्याच्या पांढऱ्यावर घर उभं राहणार हे आमच्या हिला पटेना. मग मी तिला चेट्टिनाडच्या वाड्यांची आठवण करून दिली. सहलीत आपण ज्या आरशासारख्या गुळगुळीत भिंतींवर हात फिरवला होता, त्या चुन्याच्या गिलाव्यातही अंड्याचं पांढरंच होतं. "तरीच तुम्ही त्या दिवशी भिंतीला नाक लावलं होतंत," ती म्हणाली.

दुपारी चारला चार भिंती उभ्या झाल्या. ओळंब्यात. त्या बघून माझ्यातला अभियंता खूश झाला, आणि तिथेच चूक झाली. कारण त्याच्या मागून माझ्यातला मार्चएंड जागा झाला. साडेचारला मी छप्पर चढवलं. खरं तर भिंतींच्या सांध्यांना निदान काही तास, जमलं तर रात्रभर, सुकू द्यायचं असतं. सेंटरिंग काढायची घाई केली म्हणून मी आयुष्यात किती ठेकेदारांना झापलं, त्यांचे चेहरे डोळ्यांसमोरून गेले. पाचला छप्पर हळूच सरकायला लागलं, सुस्तावलेल्या माणसाने सोफ्यावरून घसरावं तसं. पाठोपाठ पूर्वेची भिंत बाहेर पडली, तिने दक्षिणेला सोबत नेलं. मी पंचनाम्यासाठी वही शोधेपर्यंत नातीने पुरावा खाल्ला होता.

हुशार माणूस दोन चुकांत शहाणा होतो. मला तिसरी लागली. नव्या भिंती भाजल्या आणि त्या लवकर कडक व्हाव्यात म्हणून मागच्या अंगणात टेबलावर पंचा अंथरून उन्हात वाळत घातल्या. आपल्याकडे पापड, सांडगे, कुरडया, सगळ्याला ऊन दाखवतात. भिंतीला का नाही? ही दुपारची झोपली होती, नाहीतर अडवलं असतं. संध्याकाळी उचलायला गेलो तर भिंत हाताला वळली. श्रावणातल्या पापडासारखी. साखर आणि मोलॅसिस दोघंही हवेतलं पाणी ओढून घेतात, आणि ह्यूस्टनची हवा म्हणजे पाणीच. जन्मभर साइटवर "पाणी मारा, पाणी मारा, सात दिवस क्युरिंग करा" म्हणून ओरडत फिरलो. इथे पाणी दिसेल तिथे पळवून लावायचं होतं. हिने काही न बोलता भिंती मंद ओव्हनमध्ये ठेवून पुन्हा कडक केल्या आणि एसी चालू असलेल्या खोलीत ठेवून दार लावलं. तिचं न बोलणं हा आमच्याकडे कारणे दाखवा नोटिशीचा प्रकार आहे.

त्या रात्री भिंती सुकत होत्या आणि नातीला झोप येत नव्हती. मी तिला चिऊ-काऊची गोष्ट सांगितली. हान्सेलच्या जंगलापेक्षा आपली बरी. तिच्यात कुणी कुणाला भट्टीत घालत नाही. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. पाऊस आला आणि काऊचं वाहून गेलं. मराठी मुलाला साहित्य-परीक्षणाचा पहिला धडा दोन वर्षांचा असताना मिळतो, पुढे तो विसरतो आणि बिल्डर होतो.

"पण आबा, ह्यूस्टनला गरम असतं. चिऊचं घर वितळणार," नात म्हणाली.

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. विषय बदलण्यासाठी मी तिला सांगितलं की आपले जुने लोक चुन्याच्या दळणात गूळ घालायचे, बेलफळाचा गर घालायचे, उडदाची डाळ भिजवून घालायचे; त्याने चुना चिवट होतो.

"गूळ? किल्ल्यात?"

"हो."

"मग शत्रूंनी किल्ला चाटला का?"

मी दिवा घालवला.

पण झोप मलाही येईना. मी हॉलमधल्या भिंतीवर टिचकी मारली. टक. ढोलकीसारखी पोकळ. जावयाच्या घराला आतून लाकडी चौकट, वरून दोन कागदांमध्ये दाबलेला जिप्सम बोर्ड, आणि दर्शनी बाजूला शोभेची वीट. अशा घरावर तीस वर्षांचं कर्ज आहे. नातीच्या घराची भिंत निदान भरीव होती. त्या क्षणी मी ठरवलं, या घरात एक तरी पक्कं बांधकाम होईल.

पुढचे चार दिवस मी झपाटलो. खिडक्यांच्या भोकांत लिमलेटच्या गोळ्यांचा चुरा भरून ओव्हनमध्ये धरला. वितळून लाल-पिवळ्या काचा झाल्या. प्रेट्झेलच्या खारट काड्या सळ्या म्हणून कोपऱ्यांत उभ्या केल्या. भिंतींना आतून रॉयल आयसिंगचा गिलावा मारला. ओल आत शिरू नये म्हणून हे वॉटरप्रूफिंग. कोपऱ्यांना मात्र आयसिंग नको, असं हिचं मत पडलं. तिने साखर वितळवून चिक्कीसारखा पाक केला, तोही थेट, पाणी न घालता. "हा लावलात की मोजून दहापर्यंत धरा. आणि बोट लावू नका." तिने पाक ओतला, मी दहा मोजले. सांधा असा धरला की त्या भिंतींचा घटस्फोट आता कोर्टही करू शकलं नसतं. डाव्या तर्जनीवरचा फोड मी पुढचे आठ दिवस कामगार कल्याण म्हणून मिरवला.

भिंती टेकवायला आमरसाचे डबे. परदेशातल्या मराठी घरात दुसरं काही मिळो न मिळो, केशर आंब्याच्या रसाचे डबे सहा-आठ तरी निघतात. आठ डब्यांचं सेंटरिंग लावून घर रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी छपराचा उतार ठेवला तीस अंश. पंचेचाळीसवर कौल टिकत नाही हे अनुभवाने शिकलो होतो. वर बदामाचे काप कौलांसारखे खालून वर एकावर एक. आतून एक आडवी भिंतही घातली, भूकंपासाठी. ह्यूस्टनला भूकंप होत नाहीत हे जावयाने नम्रपणे सांगितलं. मी म्हणालो, लातूरच्या लोकांनाही आधी तसंच वाटत होतं.

"आबा, आता गमड्रॉप्स लावू?" नात रोज विचारायची. रंगीत जेलीचे खडे, पेपरमिंटच्या वाकड्या मुठीच्या कांड्या, उपड्या आइस्क्रीम कोनची झाडं, सगळं तिने दिवसागणिक गोळा करून ठेवलं होतं. मी म्हणायचो, फिनिशिंग शेवटी. फिनिशिंगला कधी वेळ उरत नाही हेही मला माहीत होतं.

प्रदर्शनाला घर गाडीत नेलं ते जावयाने ताशी वीस मैलांनी, इशाऱ्याचे दिवे लावून. मागे वाहनांची रांग लागली होती. शाळेच्या सभागृहात पन्नासेक घरं होती. काही वाकलेली, काही एका बाजूला कलून शेजारच्या घराच्या आधाराने उभी, एकाचं छप्पर तर अंगणातच बसलं होतं आणि त्या मुलाने शेजारी पाटी लावली होती, 'वादळ आलं'. सगळ्यांवर आयसिंगचा बर्फ ओघळत होता, त्यातून गोळ्या घरंगळत होत्या. त्या पसाऱ्यात आमचं घर उभं होतं. ओळंब्यात, गुण्यात, समपातळीत. फिकट तपकिरी, चौकोनी, गंभीर.

नात बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आबा, आपलं घर आजीच्या गावच्या ऑफिससारखं दिसतं. जिथे आपण तीन वेळा गेलो होतो."

तहसील कचेरी. मीही ओळखली होती.

पहिला नंबर वादळवाल्याला मिळाला. आम्हाला 'सर्वांत भक्कम रचना' असं प्रमाणपत्र मिळालं, ते बहुधा आमच्यासाठीच त्या दिवशी छापलं असावं. नातीने ते मला देऊन टाकलं.

खरी परीक्षा एक जानेवारीला झाली. नाताळ सरला की ही घरं मोडून खायची रीत आहे. शेजारची मुलं, तिथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्यांची मुलं, सगळी टेबलाभोवती जमली. नातीने छपरावर चमचा मारला. चमचा वाकला. एका मुलाने लाटणं आणलं. लाटण्याला खोक पडली. जावयाने गॅरेजमधून हातोडी आणली, पण पाहुण्यांसमोर जोर लावायला संकोचला. शेवटी हिने सांगलीहून बॅगेत घालून नेलेला खलबत्त्याचा बत्ता आला. तीन घावांत बदामाची चार कौलं आणि ईशान्येचा एक कोपरा निघाला. एका धीट मुलाने तो तोंडात घातला, थोडा वेळ फिरवला, बाहेर काढून सगळीकडून नीट पाहिला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

तेवढ्यात ही मागच्या खोलीतून डबा घेऊन आली. पोट सुटलेल्या भिंती, बुजलेली दारं, पडझडीतली छपरं. बारा दिवसांचा आमचा सगळा रद्द माल. मोठ्यांनी चहात बुडवून, मुलांनी दुधात बुडवून तो दहा मिनिटांत संपवला. "आजी, तुझं घर मस्त आहे," नात म्हणाली. माझं टेबलावर तसंच उभं होतं, कोपरा सोडून.

रात्री गावाकडून फोन आला. नोकरीत असताना माझ्या हाताखालची बरीच कामं केलेले एक जुने ठेकेदार. नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला ते आठवणीने फोन करतात.

"काय साहेब, तिकडे काय चाललंय?"

"घर बांधलं एक," मी म्हणालो. "लहानसंच. पण सांगतो तुम्हाला, सगळ्यांनी प्रयत्न केला, बत्ता घेऊन केला, तरी त्या बांधकामात एकालाही काही खाता आलं नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं लाइन कटली.

"साहेब," शेवटी त्यांनी काळजीच्या सुरात विचारलं, "मग ते पूर्ण कसं झालं?"